पत्राचे हशील

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात माळ्यावर एक शिसवी पेटी होती. पणजोबांना पुण्याहून व कोकणातून आलेली पत्रे तीत बासनात बांधून ठेवलेली असत. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी आम्हांला तिकिटे जमविण्याचा नाद लागला आणि उन्हाळ्याच्या एका सुटीत आम्ही ते बासन सोडले. अर्ध्या आण्याची हिरवी तिकिटे, त्यांवरील व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, मधूनच होळकर संस्थानचे एखादे तिकीट, असा तो खजिना होता. कात्री घेऊन आम्ही सारी तिकिटे कापली, पाण्यात भिजवून सोडविली आणि वहीत चिकटविली. उरलेली पाकिटे व त्यांतील बहुतेक पत्रे बंबात गेली. कोणी रागावले नाही. उलट पेटी रिकामी झाली म्हणून घरात बरेच वाटले.

ती वही आजही आमच्याजवळ आहे, पत्रे नाहीत. तिकीट म्हणजे पत्राचे हशील भरल्याची पावती. आम्ही पावत्या जपल्या आणि माल जाळला, हे ध्यानी यायला पुढे तीस वर्षे जावी लागली. तेव्हापासून या पावतीचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचत आलो आहोत. पत्राचे पैसे कोणी भरावयाचे आणि किती, या वरवर हिशेबी दिसणाऱ्या प्रश्नावर एका शतकातील माणसांची नाती किती अवलंबून होती, हे त्या वाचनातून कळले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली. त्या वेळी इंग्लंडात पत्राचे हशील सामान्यतः पाठविणारा भरत नसे. ज्याच्या दारी पत्र जाई तो भरी. आगाऊ पैसे भरण्यास मज्जाव नव्हता. परंतु तसे केल्यास समोरच्याला आपण दरिद्री समजतो असा अर्थ निघेल, या संकोचाने लोक ते टाळीत. हशील ठरे दोन गोष्टींवर: पत्र किती मैल जावयाचे आणि त्यात कागद किती आहेत. पंधरा मैलांच्या आत एका कागदाला चार पेन्स पडत. लंडनहून एडिंबरोस जाणाऱ्या एका कागदाला एक शिलिंगाहून अधिक पडे, आणि दोन कागद असले की दुप्पट. ज्या शेतमजुराची आठवड्याची कमाई आठ-दहा शिलिंग, त्याच्या दारात टपालवाला उभा राहिला की मुलाचे पत्र घ्यावे की घरात पाव आणावा, असा प्रश्न खरोखरीच पडे.

त्या काळच्या पत्रांचे रूपही या हिशेबानेच घडले होते. पाकीट वापरले तर तो दुसरा कागद धरला जाई. म्हणून पाकीट नाहीच. लिहिलेलाच कागद घडी घालून, पाठीवर पत्ता लिहून, लाखेने बंद करावयाचा. पान भरले आणि मजकूर उरला, तर कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर दुसऱ्या ओळी लिहीत. अशी जाळीदार पत्रे इंग्लंडातील संग्रहांत आजही पाहावयास मिळतात. वर्तमानपत्रे टपालातून फुकट जात. तेव्हा काही लोक छापील अक्षरांखाली टाचणीने भोके पाडून त्यांतून निरोप धाडीत. आणि ज्यांना पैशांची चिंता नव्हती त्यांना पैसे भरावेही लागत नसत, कारण पार्लमेंटच्या सभासदांची पत्रे त्यांच्या सहीवर फुकट जात. या सवलतीचा लाभ सभासदांचे आप्तेष्ट व मित्रही भरपूर घेत. थोडक्यात, टपालाचा भार ज्याला पेलवत नाही त्याच्यावरच अधिक पडे.

कवी कोलरिज यांनी सांगितलेली एक आठवण या संदर्भात प्रसिद्ध आहे. सरोवरांच्या प्रदेशात फिरत असताना एका झोपडीच्या दारात त्यांना टपालवाला दिसला. घरातील बाईने पत्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एक शिलिंग देणे शक्य नाही म्हणून परत केले. पत्र तिच्या भावाचे आहे हे कळताच कोलरिज यांनी, ती नको नको म्हणत असतानाही, पैसे भरले. टपालवाला गेल्यावर तिने कागद उलगडून दाखविला. तो कोरा होता. आपण खुशाल असलो तर दर तीन महिन्यांनी असा कोरा कागद धाडावयाचा, बहिणीने तो पाहून परत करावयाचा, असा भावाबहिणीचा संकेत ठरलेला होता. हीच गोष्ट रोलंड हिल यांनी आपल्या पुस्तिकेत दाखल्यादाखल दिली, आणि पुढे लोक ती हिल यांच्याच नावावर सांगू लागले. आम्हांला त्या बहिणीच्या चातुर्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. तिला भावाची खुशाली कळे, पण त्याचा एक शब्दही कळत नसे. तो कोठे राहतो, काय खातो, लग्न केले की नाही, हे सारे त्या कोऱ्या कागदात बुडालेले असे. वर्षातून चार वेळा ‘मी आहे’ एवढेच काय ते कळावयाचे.

रोलंड हिल हे पेशाने शाळामास्तर. टपालखात्याशी त्यांचा संबंध नव्हता. खात्याच्या जमाखर्चाचे आकडे मिळवून १८३७ साली त्यांनी टपालसुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. लंडनहून एडिंबरोस एक पत्र नेण्याचा प्रत्यक्ष वाहतूकखर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढाच येतो, असे त्यांनी दाखवून दिले. मग पैसा जातो कोठे? तो जातो प्रत्येक पत्राचे अंतर मोजण्यात, कागद उजेडात धरून किती आहेत ते पाहण्यात, वहीत नोंद करण्यात, आणि दारोदार उभे राहून शिलिंग-पेन्स गोळा करण्यात. अंतराचा विचारच सोडावा, वजनावर एकच दर ठेवावा आणि तो पाठविणाऱ्याने आधी भरावा, म्हणजे हा सारा खटाटोप वाचेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पैसे भरल्याची खूण म्हणून, मागे डिंक लावलेला एक लहानसा कागद पत्रावर चिकटवावा, ही सूचनाही त्यांचीच.

खात्यातील अधिकाऱ्यांना ही कल्पना वेडगळ वाटली. परंतु व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली, पार्लमेंटने चौकशीसमिती नेमली आणि १८३९ साली कायदा झाला. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्रास देशात कोठेही एक पेनी हा दर सुरू झाला. सभासदांची फुकट पत्रे त्याच दिवशी बंद झाली. स्वतः राणीनेही आपली तशी सवलत सोडली. त्याच वर्षी ६ मेपासून तिकीट लागू झाले. काळ्या रंगाचे, राणीचे मुख असलेले ते ‘पेनी ब्लॅक’ होय. एका तावावर २४० तिकिटे असत, कारण एका पौंडाचे पेन्स २४०. तिकिटांमध्ये भोके नसल्यामुळे ती कात्रीने कापून घ्यावी लागत. त्यांवर देशाचे नाव नव्हते. जगात दुसऱ्या कोणाचे तिकीटच नव्हते, तर नाव कशाला हवे? राणीचे चित्र मात्र तिच्या किशोरवयातील मुखवट्यावरून घेतलेले होते. ती ऐंशी वर्षांची होऊन गेली, तरी तिच्या कारकिर्दीतील ब्रिटिश तिकिटांवर ती तरुणच राहिली.

परिणाम काय झाला? १८३९ साली सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती; १८४० साली सुमारे सतरा कोटी गेली. शतकाच्या अखेरीस वर्षाची पत्रे दोनशे कोटींवर गेली. मात्र टपालखात्याचा नफा एकदम खाली आला आणि पूर्वीची पातळी गाठण्यास त्याला दोन दशकांहून अधिक काळ लागला. १८४२ साली खुद्द हिल यांनाच सरकारने कामावरून दूर केले. चार वर्षांनी सरकार बदलल्यावर ते परत आले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगावयास हवी. पेनीचा दर आला म्हणून गरिबांच्या घरी लगोलग पत्रे येऊ लागली, असे झाले नाही. १८४१ च्या सुमारास इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत सही करू न शकणारे पुरुष तीनांत एक, तर स्त्रिया जवळजवळ निम्म्या होत्या. पहिला लाभ झाला तो व्यापाऱ्यांना आणि मध्यम वर्गाला. १८७० च्या शिक्षणकायद्यानंतर वाचणारी पिढी वाढली, तेव्हा कोठे खेड्यातून शहरात कामाला गेलेली मोलकरीण आपल्या हाताने आईला लिहू लागली आणि धाकटे भावंड ते पत्र आईला वाचून दाखवू लागले. देशातील प्रत्येक घराच्या दारापर्यंत टपाल पोहोचविण्याचे आश्वासन तर राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली तेव्हा, १८९७ साली मिळाले. हशील कमी करणे हा एक भाग. लिहिता येणे हा दुसरा. आणि दोन्ही जुळावयास साठ वर्षे लागली.

दर उतरल्यावर पत्राचे शिष्टाचार मात्र झपाट्याने बदलले. कागद मोजावयाचे कारण उरले नाही, तेव्हा पाकीट आले. पत्रे वाढली तशी दारांना फटी पाडण्याची प्रथा आली; टपालवाला दार ठोठावून उभा राहीनासा झाला. कादंबरीकार ट्रॉलप हे टपालखात्यात अधिकारी होते. त्यांच्या सूचनेवरून १८५२ साली जर्सी बेटावर रस्त्याकडेच्या पेट्या आल्या आणि पुढल्याच वर्षी त्या मुख्य भूमीवर उभ्या राहिल्या. लंडनच्या मध्यभागी तर दिवसातून दहा-बारा वेळा वाटप होई. सकाळी जेवणाचे बोलावणे धाडावे आणि दुपारी होकार यावा, इतकी ही सोय होती. १८४३ साली हेन्री कोल यांनी नाताळाच्या शुभेच्छांचे पहिले छापील कार्ड काढविले. हे कोल हिल यांचेच सहकारी. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती, म्हणजे टपालहशिलाच्या बारापट.

पत्र बंद असते, या विश्वासाचीही त्या काळी कसोटी लागली. इटलीतून परागंदा होऊन लंडनला राहिलेल्या मॅझिनीला आपली पत्रे कोणी उघडते असा संशय होता. त्याने पाकिटात खसखस आणि वाळूचे कण घालून पाहिले. पत्र पोहोचले तेव्हा ते कण आत नव्हते. १८४४ साली प्रकरण पार्लमेंटात गेले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमाने पत्रे उघडली जात असल्याचे बाहेर आले. देशभर संताप उसळला. ‘पंच’ साप्ताहिकाने ग्रॅहॅम यांची यथेच्छ टवाळी केली. एका परदेशी निर्वासिताच्या पत्रासाठी इंग्लंडातील सामान्य माणूस इतका चिडला, याचे कारण उघड आहे. आता तोही पत्रे लिहीत होता.

शोकाच्या पत्रांची रीत तर वेगळ्याच तपशिलाची होती. घरात मृत्यू झाला की काळ्या किनारीचा कागद आणि काळी लाख वापरावयाची. किनार किती रुंद हे नात्यावर आणि लोटलेल्या काळावर ठरे. महिने जातील तशी ती अरुंद होत जाई. अशा पत्राचे पाकीट हातात पडताच, उघडण्यापूर्वीच माणूस खुर्चीवर बसून घेई. पती अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारल्यानंतर राणीने काळ्या किनारीचा कागद जो धरला, तो १९०१ साली तिच्या अंतापर्यंत सोडला नाही.

१ ऑक्टोबर १८७० रोजी अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड आले, आणि नोकरचाकर व टपालवाले आपला मजकूर वाचतील म्हणून प्रतिष्ठित घरे नाके मुरडू लागली. सामान्यांनी मात्र पहिल्या वर्षभरातच कोट्यवधी कार्डे धाडली. शतक संपत आले तेव्हा पत्रांचे ओझे वाटू लागले होते. ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरल यांनी १८९० साली पत्रलेखनावर एक छोटी पुस्तिका काढली. रागाच्या भरात लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्यावे आणि मित्राचा एखादा बोचरा शब्द आला, तर उत्तर त्याहून सौम्य लिहावे, असा उपदेश तीत आहे. त्यांनी आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही १८६१ पासून मरेपर्यंत ठेवली. तीत ९८,७२१ नोंदी आहेत.

हिल यांचा हिशेब चौदा वर्षांत हिंदुस्थानात आला. त्यापूर्वी कलकत्त्याहून मुंबईस एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडे. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १ ऑक्टोबर १८५४ पासून, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा सर्व देशभर एकच दर झाला. तिकीट न लावलेल्या, म्हणजे आपल्या बोलीतील ‘नॉटपेड’ पत्राला दुप्पट दंड ठेवला. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचे कार्ड आले. संस्थानांनीही आपापली घडी बसविली. हैदराबादची तिकिटे १८६९ साली निघाली, ग्वाल्हेरने १८८५ साली इंग्रजी तिकिटांवर आपले नाव छापून घेतले, तर १८८६ साली होळकरांनी तुकोजीरावांच्या चित्राचे तिकीट काढले. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात १८७१ पासून वेगळीच तिकिटे होती. आमच्या बालपणीच्या वहीतील एक पान म्हणजे, पाहू गेले तर, आपल्यासारख्या पांगलेल्या कुटुंबांचा नकाशाच होता.

कारण हा अर्धा आणा आपल्या पूर्वजांच्या फार उपयोगी पडला. शिंदे-होळकर-गायकवाडांबरोबर आलेली घराणी तेव्हा इकडे रुजून तीन-चार पिढ्या झाल्या होत्या. पूर्वी मूळ गावाशी संबंध ठेवावयाचा तर जासूद, सावकाराचा माणूस किंवा यात्रेकरू यांच्या हाती पत्र द्यावे लागे. आता कोणीही लिहू शकत होते. इंग्रजी पत्रात ओळखीची पायरी अखेरीस, सहीच्या वरच्या शब्दांत दिसे. आपल्याकडे ती मायन्यातच ठरे. तीर्थरूप कोण, चिरंजीव कोण, सौभाग्यवती कोणाला लिहावयाचे, हे मुलांना कळावयाचे ते मायना लिहिताना. शेजारीपाजारी हिंदी, उर्दू, गुजराती बोलत असता घरातील मराठी शुद्ध राहिली, तिचे पुष्कळसे श्रेय या पत्रांकडे जाते, असे आमचे मत आहे.

या टपालाचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यातच नोकर. त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यूजर्सीतील श्रीमती कार्पेंटर या गृहिणीने ते वाचले आणि उत्तर धाडले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंड पाहण्यापूर्वी हे नाते जुळले होते. १८८३ साली आनंदीबाई बोटीने निघाल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी त्या मावशीकडेच धाडण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्यांचे स्मारक आहे. ज्यांची पत्रे जपली गेली, त्यांची चरित्रे लिहिता आली. आनंदीबाईंचे पहिले चरित्र एका अमेरिकन बाईंनी १८८८ साली प्रसिद्ध केले. त्याला आधार होता तो मुख्यतः त्या पत्रांचाच.

आणि येथेच आम्हांला एक फरक खुपतो. इंग्रज घरांत काळ्या किनारीची पत्रे जपून ठेवली. आपल्याकडे मृत्यूच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत. कार्डाचा कोपरा फाडीत. ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकीत आणि मग स्नान करीत. रीत होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे आपल्या पेट्यांत बारशांची, मुंजींची, लग्नांची पत्रे सापडतात आणि मृत्यूची सापडत नाहीत. कोणती आत्या प्लेगात गेली, कोणता काका कोठे वारला, हे विचारावे तर कागद नाही. आनंदाची पत्रे तेवढी उरली होती. त्यांतली बरीचशी आमच्यासारख्या हौशी संग्राहकांनी संपविली.

आता पत्राचे हशील जवळजवळ शून्यावर आले आहे. आपल्याकडील तारसेवा २०१३ साली थांबली; रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दूरच्या नातवाची खुशाली क्षणात मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या झोपडीतील बहिणीने ती आनंदाने घेतली असती. मात्र रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांतून ‘मी आहे’ एवढेच कळते, तेव्हा आम्हांला तो कोरा कागद आठवतो. तिच्या भावाला शब्द परवडत नव्हते. आपल्याला परवडतात.

बासनातील एक पत्र बंबातून वाचले होते. आजीने ते पोथीत खूण म्हणून ठेवले होते. मोडी वाचता येत नसल्याने आम्ही पुढे एका जाणत्या स्नेह्यांकडून ते वाचून घेतले. रत्नागिरीकडील एका गावाहून पणजोबांच्या थोरल्या बहिणीने, बहुधा कोणाकडून तरी लिहवून, ते धाडले आहे. आंबा यंदा कमी आला, घराची कौले शाकारली, आणि तू कधी येतोस, एवढाच मजकूर. पत्राच्या पाठीवरच पत्ता आहे, आणि कोपऱ्यातील तिकीट आमच्याच कात्रीने गेले आहे. त्या चौकोनी भोकाबरोबर आतल्या बाजूचे तीन-चार शब्दही गेले. ते भोक नेमके ‘कधी येतोस’च्या पुढल्या ओळीत पडले आहे.

ज्या घरांत अशी पेटी अजून असेल त्यांनी ती या दिवाळीच्या आत एकदा उघडावी, मोडी जाणणारे जे कोणी गावात उरले असतील त्यांना बोलावावे आणि कागदांवर तारीख व नावे टिपून ठेवावीत. तिकिटे पत्रांवरच राहू द्यावीत.